६०६ नंबरची बाटली: पॉल एर्लिख आणि औषध शोधायची रीत

ताप चार दिवस हटत नाही, डॉक्टर सीबीसी करायला सांगतात आणि संध्याकाळी लॅबचा पीडीएफ व्हॉट्सॲपवर येऊन पडतो. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स आपण बघतो. त्यांच्या खाली न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल अशी नावं आणि समोर टक्के असतात. ती ओळ बहुतेक जण स्क्रोल करून पुढे जातात. पांढऱ्या पेशींची ही वाटणी पॉल एर्लिख नावाच्या एका जर्मन डॉक्टरनं पंचविशीत केली, आणि तीही कापड रंगवायच्या रंगांनी. इओसिनोफिल म्हणजे इओसिन नावाच्या लाल रंगाला धरून बसणारी पेशी.

एर्लिखचं नाव तुम्ही कदाचित एखाद्या मोटिव्हेशनल रीलमध्ये ऐकलं असेल. ६०५ वेळा अपयश आलं, तरी पठ्ठ्यानं हार मानली नाही आणि ६०६ व्या वेळी औषध सापडलं, अशी ती गोष्ट असते. ऐकायला छान आहे, पण तसं घडलेलं नाही. ६०६ नंबरचं औषध त्यांच्याच लॅबमध्ये दोन वर्षं कपाटात पडून होतं. ते का पडून होतं आणि पुन्हा बाहेर कसं आलं, हे समजलं की आजची औषधं कशी शोधली जातात तेही बरंचसं समजतं.

रंगांनी माखलेलं टेबल

पॉलचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातल्या श्ट्रेलेन या छोट्या गावात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू, खाऊन-पिऊन सुखी. वडिलांचा मद्य गाळायचा व्यवसाय होता. आईच्या नात्यातला एक भाऊ, कार्ल वायगर्ट, म्हणजे पॉलचा मामाच, पण वयानं फक्त नऊ वर्षांनी मोठा. हा मामा शरीराच्या ऊतींचे पातळ काप करून ते रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. पॉलला रंगांचं वेड लागलं ते या मामामुळे.

त्या काळी हे रंग म्हणजे अगदी नवीन टेक्नॉलॉजी होती. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचं क्विनीन लॅबमध्ये बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. त्यानंतर दगडी कोळशाच्या डांबरापासून शेकडो रंग तयार व्हायला लागले आणि जर्मनीत त्यांचे मोठे कारखाने उभे राहिले. कपड्यांसाठी बनलेले हे रंग पॉल मेडिकल कॉलेजात बसून प्राण्यांच्या ऊतींवर टाकत बसायचा. स्ट्रासबर्गला शिकत असताना त्याचं टेबल सगळ्या रंगांच्या डागांनी भरलेलं असायचं आणि त्याचे प्राध्यापक वाल्डायर यांनी त्याला कधी अडवलं नाही. नेमून दिलेला अभ्यास सोडून पोरगा भलतंच काहीतरी करतोय, हे दिसत असूनही त्यांनी ते चालू दिलं. वाल्डायर यांचं हे श्रेय फारसं कुणी सांगत नाही.

पॉलला प्रश्न पडला होता तो साधाच. एकाच कापावर एक रंग टाकला तर काही पेशी रंगतात आणि शेजारच्या कोऱ्याच राहतात. असं का? त्याचं उत्तर होतं की रंगाचा रेणू आणि पेशीतला एखादा रेणू यांची एकमेकांवर पकड बसते. जिथे पकड बसते तिथे रंग टिकतो, जिथे बसत नाही तिथून तो धुऊन जातो. १८७८ मध्ये लाइपझिगला त्यानं याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध दिला. त्यात मास्ट पेशींचं वर्णन होतं. शिंका, पित्त उठणं, ॲलर्जी यांच्यामागे ज्या पेशी असतात त्या याच.

आता या विचारात एक पाऊल पुढे टाकून बघा. रंग जर हजार पेशींमधून एकच पेशी ओळखून काढत असेल, तर असा रंग का नसावा जो फक्त रोगजंतूला धरेल आणि माणसाच्या पेशीला हातही लावणार नाही? आणि त्या रंगाला विषाचं शेपूट जोडलं तर? एर्लिख यांचं पुढचं सगळं आयुष्य या एका विचाराच्या मागे गेलं. अशा औषधाला ते जादूची गोळी म्हणायचे. जर्मन लोककथेतली ती बंदुकीची गोळी, जी नेम न धरताही नेमक्या माणसाला लागते. मराठीत गोळी दोन्हीला म्हणतात हा योगायोग मला फार आवडतो.

थुंकी आणि लोखंडी शेगडी

डॉक्टर झाल्यावर एर्लिख बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात रुजू झाले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. (जागतिक क्षयरोग दिन २४ मार्चला असतो तो म्हणूनच.) श्रोत्यांमध्ये एर्लिख होते. कॉख यांची जंतू रंगवायची पद्धत किचकट होती. एर्लिख घरी गेले आणि कामाला लागले. असं सांगतात की रंगवलेल्या काचा त्यांनी रात्री वाळायला विझलेल्या लोखंडी शेगडीवर ठेवल्या आणि सकाळी कुणीतरी नकळत ती पेटवली. काचा तापल्या. वाया गेल्या असं वाटलं, पण मायक्रोस्कोपखाली टीबीचे जंतू पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसत होते. यातली शेगडी किती खरी आणि किती रंगवलेली ते सोडून देऊ. महत्त्वाची बाब वेगळी होती. रंगवलेली काच ॲसिडनं धुतली तर बाकी सगळ्यांचा रंग जातो, टीबीच्या जंतूचा जात नाही, हे एर्लिख यांनी दाखवलं. त्झील आणि नीलसन यांनी या पद्धतीत थोडे बदल केले आणि आजही सरकारी दवाखान्यात थुंकीची डबी दिली की मायक्रोस्कोपखाली तपासणी होते ती मुळात याच तत्त्वावर.

काही वर्षांनी एर्लिख स्वतः खोकायला लागले. आपलीच थुंकी त्यांनी आपल्याच पद्धतीनं रंगवली आणि काचेवर टीबीचे जंतू दिसले. हॉस्पिटलात नवे वरिष्ठ आले होते, संशोधनाला पूर्वीसारखी मोकळीक राहिली नव्हती. १८८८ मध्ये पत्नी हेडविगला घेऊन ते कोरड्या हवेसाठी इजिप्तला गेले. त्या वेळी टीबीवर दुसरा इलाजच नव्हता. ते बरे होऊन परतले, पण हातात नोकरी नव्हती.

याच्या आधी, १८८५ च्या सुमारास, त्यांनी एक विचित्र गोष्ट पाहिली होती. प्राण्याच्या रक्तात रंग सोडला की जवळजवळ सगळे अवयव रंगतात, मेंदू मात्र कोरा राहतो. मेंदूला त्या रंगाची ओढ नसावी असं त्यांना वाटलं. हा त्यांचा अंदाज चुकला होता. त्यांच्याच शिष्यानं, एडविन गोल्डमान यांनी, १९१३ मध्ये रंग थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला तेव्हा मेंदू छान रंगला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. म्हणजे मध्ये कुंपण होतं. सर्दीची जुन्या काळची गोळी घेतली की झोप येते आणि नव्या प्रकारच्या गोळीनं तितकी येत नाही, त्याचं कारण हेच कुंपण. जुनी गोळी ते सहज ओलांडते, नवी फारशी ओलांडत नाही.

१८९१ मध्ये एर्लिख यांनी डॉक्टर गुटमान यांच्यासोबत मलेरियाच्या दोन रुग्णांना मिथिलीन ब्लू हा निळा रंग औषध म्हणून दिला. मलेरियाचा जंतू या रंगानं छान रंगतो हे मायक्रोस्कोपखाली दिसलं होतं, म्हणून त्यांनी हा रंग निवडला. दोघेही रुग्ण बरे झाले. क्विनीनपुढे मिथिलीन ब्लू टिकला नाही, पण पूर्णपणे कारखान्यात बनलेला पदार्थ माणसाच्या शरीरातल्या जंतूवर चालतो हे सिद्ध झालं.

औषध किती आहे हे मोजायचं कसं?

मधली काही वर्षं घटसर्पात गेली. घटसर्प म्हणजे डिप्थेरिया, लहान मुलांचा गळा आवळून मारणारा रोग. एमिल फॉन बेरिंग यांनी प्रतिविष शोधलं होतं, पण घोड्यांपासून मिळणारं हे सीरम कधी जोरकस निघायचं, कधी पाण्यासारखं. एका बाटलीनं मूल वाचायचं, दुसरीनं नाही. एर्लिख यांनी ते जोरकस कसं करायचं हे दाखवलंच, शिवाय १८९७ मध्ये त्याची ताकद मोजायचं एकक ठरवून दिलं. प्रत्येक नव्या बाटलीची तुलना एका ठरलेल्या, जपून ठेवलेल्या सीरमशी करायची. घरात कुणी इन्शुलिन घेत असेल तर बाटलीवरचे युनिट बघा. वजनाऐवजी परिणामावरून औषध मोजायची रीत या कामातून रुळली.

या प्रकरणात पैसा आणि पहिलं नोबेल बेरिंग यांना मिळालं. एर्लिख यांच्या मनात त्याचा सल शेवटपर्यंत राहिला. पुढे १९०८ मध्ये मेचनिकॉफ यांच्यासोबत त्यांनाही नोबेल मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीच्या कामासाठी. ज्या औषधासाठी जग त्यांना ओळखतं ते तेव्हा अजून कपाटात होतं!

विष पेशीला कसं धरतं याचा विचार करताना पेशीवर ठराविक आकाराचे हात असतात आणि विष त्या हातांना अडकतं, असं चित्र त्यांनी मांडलं. या हातांना पुढे रिसेप्टर हे नाव पडलं. केंब्रिजमध्ये जॉन लँगली स्नायूंवर प्रयोग करून वेगळ्या वाटेनं जवळपास तिथेच पोचले होते. गंमत म्हणजे औषधांनाही रिसेप्टर असतात हे एर्लिख यांना बरीच वर्षं पटत नव्हतं. १९०७ च्या आसपास त्यांनी मत बदललं. जिथे पकड नाही तिथे परिणाम नाही, हा औषधशास्त्राचा पहिला धडा असं आज म्हणता येईल.

सोमलाची दुरुस्ती

१८९९ मध्ये एर्लिख यांची संस्था फ्रँकफर्टला आली. १९०६ मध्ये फ्रान्झिस्का श्पायर या श्रीमंत विधवेनं नवऱ्याच्या नावानं देणगी दिली आणि शेजारीच गेऑर्ग श्पायर हाउस ही खास औषधं शोधायची संस्था उभी राहिली. इथले साहेब वेगळेच होते. दिवसाला वीस-पंचवीस सिगार ओढायचे, सिगारचा डबा काखेत घेऊन फिरायचे, जेवणाची शुद्ध नसायची. रोज सकाळी प्रत्येक सहकाऱ्याला रंगीत कार्डावर लिहून आज काय करायचं ते पाठवायचे. आजच्या टास्क ॲपसारखं समजा, फक्त नोटिफिकेशन बंद करायची सोय नव्हती.

सुरुवात झाली ट्रिपॅनोसोमपासून. आफ्रिकेतला निद्रारोग घडवणारा हा परजीवी. १९०४ मध्ये जपानी सहकारी कियोशी शिगा यांच्यासोबत एर्लिख यांनी ट्रिपॅन रेड या रंगानं या जंतूची लागण झालेले उंदीर बरे केले. मग लक्ष गेलं ॲटॉक्सिल या आर्सेनिकच्या औषधाकडे. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल, गोष्टींमध्ये दुधातून घालतात तो. ॲटॉक्सिल या नावाचाच अर्थ विषारी नसलेलं, आणि प्रत्यक्षात आफ्रिकेत निद्रारोगाच्या रुग्णांना ते दिल्यावर काहींची दृष्टी गेली. डोळ्यांची मज्जा जळत होती.

दुसऱ्या कुणी ते सोडून दिलं असतं. एर्लिख आणि त्यांचे केमिस्ट आल्फ्रेड बेर्टहाइम यांनी आधी तो रेणू नेमका कसा दिसतो ते तपासलं. पुस्तकात छापलेली रचना चुकीची निघाली. खऱ्या रचनेत एक मोकळं टोक होतं, ज्याला हवं ते जोडता येणार होतं. शिवाय लक्षात आलं की ॲटॉक्सिल काचेच्या नळीत जंतूंना मारत नाही. शरीरात गेल्यावर त्यातला आर्सेनिक वेगळ्या रूपात बदलतो आणि मगच काम करतो. मग ते बदललेलं रूपच का बनवू नये? बेर्टहाइम एकामागून एक बदल करत गेले. इथे एक अणू कमी, तिथे एक गट जास्त. प्रत्येक व्हर्जनला नंबर आणि प्रत्येक व्हर्जनची उंदरांवर परीक्षा. आजच्या औषध कंपन्यांमध्ये हेच काम चालतं, फक्त रोबोट आणि कॉम्प्युटरच्या मदतीनं आणि लाखोंच्या संख्येनं.

परीक्षेत दोन आकडे बघायचे. किती डोसला जंतू मरतो आणि किती डोसपर्यंत जनावर सोसतं. समजा एका पदार्थाचा बरा करणारा डोस १० आणि सोसणारा डोस १२ आहे, तर हात किंचित हलला तरी घात. दुसऱ्याचा बरा करणारा डोस २० आणि सोसणारा २०० आहे, तर डोस दुप्पट लागला तरी हाच बरा. औषध किती जालीम आहे यापेक्षा या दोन आकड्यांमध्ये किती अंतर आहे ते महत्त्वाचं. तापावरची पॅरासिटामॉल आपण बिनधास्त घेतो ती या अंतराच्या भरवशावर. ते अंतर ओलांडलं की तीच गोळी लिव्हर खराब करते.

उंदरांनी आणखी एक धडा शिकवला. कमी डोस वारंवार दिला की काही ट्रिपॅनोसोम मरेनासे व्हायचे आणि त्यांची पुढची पिढीही त्या औषधाला दाद द्यायची नाही. औषध निकामी होणं, ज्याला आज रेझिस्टन्स म्हणतात, ते एर्लिख यांच्या लॅबमध्ये पेनिसिलिनच्या कित्येक वर्षं आधी दिसलं होतं. म्हणूनच एकाच मोठ्या डोसमध्ये सगळे जंतू संपवायचे असं स्वप्न ते बघू लागले.

हाता यांचे ससे

६०६ हा पदार्थ १९०७ मध्येच तयार झाला होता. ट्रिपॅनोसोमवर तपासला, विशेष काही दिसलं नाही आणि बाटली बाजूला गेली.

दरम्यान एका वेगळ्याच रोगाचा उलगडा झाला होता. सिफिलिस, आपल्याकडे ज्याला गरमी म्हणायचे तो लैंगिक संबंधातून पसरणारा रोग. आधी एक न दुखणारा व्रण, मग अंगभर पुरळ, मग सगळं शांत, आणि कित्येक वर्षांनी हृदय, मेंदू, वेडेपणा, पक्षाघात. आईकडून पोटातल्या बाळालाही होणारा. आपल्या भावप्रकाश या सोळाव्या शतकातल्या वैद्यक ग्रंथात तो फिरंग रोग या नावानं येतो, कारण तो फिरंग्यांबरोबर आला. युरोपात काय, इथे काय, शेकडो वर्षं इलाज एकच होता: पारा. दात पडायचे, तोंडातून लाळ गळायची आणि रोग बहुधा तिथेच असायचा. १९०५ मध्ये शाउडिन आणि होफमान यांना त्याचा जंतू सापडला, मळसूत्रासारखा पिळदार आणि अतिशय बारीक.

१९०९ मध्ये साहाचिरो हाता हे जपानी डॉक्टर फ्रँकफर्टला आले. त्यांच्याकडे जगात फार थोड्या लोकांना जमलेली एक गोष्ट होती: सशांना सिफिलिसची लागण करायची पद्धत. एर्लिख यांनी त्यांना सांगितलं की कपाटातले जुने सगळे पदार्थ पुन्हा एकदा काढा आणि या सशांवर तपासा. जे नापास झालेत तेही. हाता यांनी खरोखरच सगळे काढले. किती कंटाळवाणं काम असेल याची कल्पना करा: इंजेक्शन, नोंद, पुढचा ससा, पुन्हा इंजेक्शन. ६०६ चा नंबर आला. मोठे व्रण असलेल्या सशाला एक इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी व्रणात एकही जिवंत जंतू सापडेना. काही आठवड्यांत व्रण भरून आले.

म्हणजे बाटलीत औषध आधीपासून होतंच, चुकला होता तो प्रश्न. निद्रारोगाच्या जंतूवर तपासलेला पदार्थ सिफिलिससाठी नापास ठरवला गेला होता. रीलमधल्या गोष्टीत जिद्द एर्लिख यांची असते आणि हाता यांचं नावही नसतं, हे मला खटकतं.

६५ हजार डोस

ससा बरा झाला म्हणजे माणूस बरा होईलच असं नाही. ६०६ आधी उश्टश्प्रिंगे इथल्या मनोरुग्णालयात डॉक्टर कोनराड आल्ट यांच्याकडे गेलं. तिथल्या दोन तरुण डॉक्टरांनी आपण होऊन आधी स्वतःला टोचून घेतलं. त्यांना काही झालं नाही, मग अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना दिलं. आज ज्याला फेज वन, फेज टू म्हणतात त्याचं हे कच्चं रूप. रुग्णाची लेखी संमती, एथिक्स कमिटी, यातलं तेव्हा काहीही नव्हतं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

एप्रिल १९१० मध्ये व्हीसबाडेनच्या वैद्यकीय परिषदेत निकाल जाहीर झाले आणि जगभरातून मागणीची पत्रं येऊन पडली. विकायला सुरुवात करता आली असती. एर्लिख यांनी थांबवलं. होएक्स्ट कंपनीकडून बनवून घेतलेले सुमारे ६५ हजार डोस आधी निवडक डॉक्टरांना फुकट वाटले गेले, अट एकच: रुग्णाचं पुढे काय झालं ते कळवायचं. चांगलं झालं तरी आणि वाईट झालं तरी. वर्षाअखेरीस ते साल्व्हर्सान या नावानं बाजारात आलं.

पण हे औषध हाताळणं सोपं नव्हतं. पिवळी पूड, हवा लागली की बिघडून जास्त विषारी व्हायची, म्हणून हवा काढलेल्या बंद काचेच्या कुपीत यायची. ती फोडून लगेच निर्जंतुक पाण्यात विरघळवायची, कॉस्टिक सोडा मोजून घालायचा आणि मग टोचायचं. स्नायूत टोचलं तर असह्य कळा. शिरेत देताना थोडं बाहेर सांडलं तर तिथलं मांस सडायचं. कुणी शिळं पाणी वापरलं, कुणी हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला पूर्ण डोस दिला. काही रुग्ण दगावले. प्रत्येक मृत्यूचं पत्र एर्लिख स्वतः वाचायचे, डॉक्टरला उलट प्रश्न विचारायचे: पाणी कुठलं, डोस किती, आधी दुसरा कुठला आजार? १९१२ मध्ये विरघळायला सोपं असं निओसाल्व्हर्सान आलं, नंबर ९१४. परिणाम थोडा कमी, त्रासही कमी. आणि एका डोसमध्ये सगळे जंतू संपतील हे स्वप्न खोटं ठरलं. काही रुग्णांत रोग परत यायचा, त्यामुळे अनेक महिने पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घ्यावी लागत.

टीका सगळीकडून झाली. औषध महाग, डॉक्टर पैसे कमावतोय. पापाची शिक्षा म्हणून देवानं दिलेला रोग याला बरा करायचाय. शिवाय हा ज्यू. फ्रँकफर्टमध्ये कार्ल वासमान नावाच्या पत्रक काढणाऱ्यानं आरोप केला की हॉस्पिटलात वेश्यांना जबरदस्तीनं हे औषध टोचलं जातंय. १९१४ मध्ये खटला झाला, एर्लिख यांना साक्षीला उभं राहावं लागलं, आरोप सिद्ध झाले नाहीत आणि वासमानला एक वर्षाची कैद झाली. त्या माणसाचा हेतू चांगला नव्हता. पण त्या बायकांना कुणी नीट विचारलं होतं का, हा प्रश्न कोर्टाच्या निकालानं मिटतो असं मला वाटत नाही. औषध चाचणीत संमती सक्तीची व्हायला जगाला आणखी एक महायुद्ध लागलं.

खटला संपतो न संपतो तोच पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मनीच्या लष्कराची बाजू घेणाऱ्या ९३ विचारवंतांच्या जाहीरनाम्यावर एर्लिख यांनी सही केली. ती त्यांच्या चांगल्या निर्णयांपैकी नव्हती. तिकडे ब्रिटननं जर्मन पेटंट बाजूला ठेवून हेच औषध दुसऱ्या नावानं स्वतः बनवायला घेतलं. सिगार, खटला, युद्ध, सगळं मिळून तब्येत ढासळत गेली. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग इथे ते गेले. वय ६१.

साल्व्हर्सान आणि त्याची भावंडं १९४० च्या दशकात पेनिसिलिन येईपर्यंत चालली. मधल्या काळात, १९३५ मध्ये, गेर्हार्ड डोमाक यांनी प्राँटोसिल या लाल रंगातून पहिलं सल्फा औषध जगापुढे आणलं. पुन्हा एक रंगच. नाझींनी फ्रँकफर्टमधल्या रस्त्याच्या पाटीवरून एर्लिख यांचं नाव काढलं आणि हेडविग यांना म्हातारपणी देश सोडावा लागला. युद्धानंतर नाव परत आलं, पुढे २०० मार्कांच्या नोटेवर त्यांचा चेहराही आला. त्यांची जुनी संस्था आज पॉल एर्लिख इन्स्टिट्यूट म्हणून जर्मनीत लसी तपासते. एप्रिल २०२० मध्ये बायोएनटेकच्या कोविड लशीची माणसांवर चाचणी करायला परवानगी दिली ती याच संस्थेनं.

६०६ च्या रेणूबद्दल एक सांगायचं राहिलं. एर्लिख यांनी त्याची जी रचना काढली होती तीत दोन आर्सेनिक अणू एकमेकांना दुहेरी बंधानं जोडलेले होते. पुस्तकांमध्ये ती तशीच छापली जात राहिली. २००५ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी मास स्पेक्ट्रोमीटरनं तपासलं तेव्हा कळलं की तसा रेणू त्यात नव्हताच. तीन आणि पाच आर्सेनिक अणूंची कडी असलेल्या रेणूंचं ते मिश्रण होतं. ॲटॉक्सिलची छापील रचना चुकीची आहे हे शोधून एर्लिख यांनी सुरुवात केली होती, आणि त्यांच्या स्वतःच्या औषधाची रचना जवळजवळ शंभर वर्षं चुकीची छापली गेली.